ओलीवरचा हिवाळा : भीमा-सीना खोऱ्यातील शाळूचा हंगाम, पाखरे आणि लोकव्यवहार

हिवाळ्याचे वर्णन करावयाचे म्हणजे थंडीचे वर्णन करावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. शालेय पुस्तकांतील ऋतुवर्णनांनी ती पुष्कळच दृढ केली आहे. परंतु पर्जन्यछायेतील काळ्या जमिनीच्या प्रदेशात, विशेषतः सोलापूर जिल्ह्यात व त्यास लागून असलेल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या काही भागात, ही समजूत अभ्यासकाला फार दूर नेत नाही. सोलापूरचे जानेवारीतील सरासरी किमान तपमान पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी पारा तिशीपर्यंत चढतो. एवढ्या थंडीने एखाद्या प्रदेशाचे सारे लोकजीवन घडले असेल, असे मानणे कठीण आहे. तरीही हिवाळ्याचे चार महिने हा येथील ग्रामीण वर्षाचा कणा होय. पीक, पाखरे, सण, जत्रा, गुरांचा बाजार, रात्रीची जाग आणि वर्षाची बेगमी या सर्वांचे धागे या चार महिन्यांत एकत्र येतात. हे कशामुळे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमच्या मते त्याचे उत्तर हवेत नसून जमिनीत आहे. येथील हिवाळा हा थंडीचा ऋतू असण्यापेक्षा साठविलेल्या ओलीचा ऋतू आहे, आणि ती ओल जपून खर्च करण्याच्या गरजेतून त्याचे बहुतेक आचार निघालेले आहेत.

प्रथम पावसाकडे पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मि.मी. पाऊस कोसळत असता सोलापूरच्या वाट्याला साडेपाचशे मि.मी.च्या आसपासच येतो. त्याचे प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची वेळही महत्त्वाची आहे. जून-जुलैचा पाऊस येथे बेभरवशाचा. खरा भर सप्टेंबरवर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यावर असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेऊ लागतात, बंगालच्या उपसागरातील वादळांचे अवशेष कधी कधी पठारावर येऊन पोहोचतात, आणि दुपारनंतर गडगडाटासह जोराच्या सरी येतात. पंचांगाच्या भाषेत ही उत्तरा, हस्त आणि चित्रा ही नक्षत्रे होत. हस्त नक्षत्राला खेड्यात ‘हत्ती’ म्हणतात, आणि हादग्याच्या खेळात पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. या खेळाकडे केवळ मुलींची करमणूक म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या प्रदेशात पुढील सहा महिन्यांची भाकरी हत्तीच्या पावसावर अवलंबून असते, तेथे त्या चित्राला निराळे वजन आहे.

हा पाऊस साठविणारी कोठी म्हणजे काळी जमीन. दक्षिणेच्या पठारावरील बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली ही माती अतिशय चिकण असून पाणी शोषून ती फुगते व वाळताना आकसून भेगाळते. खोल काळ्या जमिनीच्या एका मीटर थरात पिकाला घेता येईल असे सुमारे दीडशे ते दोनशे मि.मी. पाणी राहू शकते. म्हणजेच उत्तम पाऊस झाल्यास वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा, कोणताही बंधारा वा कालवा नसताना, शेतातच साठलेला असतो. नदीकाठी हा थर खोल असतो, माळावर तो हातभरही नसतो आणि त्याखाली मुरूम लागतो. ‘काळी’, ‘बरड’, ‘मुरमाड’ हे शब्द शेतकरी जमिनीच्या रंगरूपावरून वापरतो असे वाटते. वस्तुतः ती जमीन किती ओल धरील, याचा तो हिशेब असतो.

पाऊस उघडला म्हणजे वाफसा येण्याची वाट पाहावयाची. वाफसा म्हणजे जमीन चिखल नाही आणि कोरडीही नाही, अशी औताजोगी अवस्था. मराठीतील शेतीविषयक शब्दांत याइतका नेमका शब्द क्वचितच सापडेल. वाफसा आला की तिफणीने शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी होते. बी चाड्यातून खोलवर, ओलीला लागेल असे सोडतात. पेरणीचा काळ सर्वसाधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईचे पाटे घालतात. करडई काटेरी असल्यामुळे मोकाट जनावर आत शिरत नाही. बाजूच्या तुकड्यात हरभरा. येथून पुढे बहुतेक वर्षी पाऊस नाही. पीक जे काही वाढेल ते खालच्या ओलीवर.

आता शेतकऱ्याचे काम पाणी देण्याचे नसून पाणी राखण्याचे आहे. जमीन वरून वाळू लागली की भेगा पडतात, भेगांतून खालची ओल उडून जाते आणि भेग रुंदावताना मुळेही तुटतात. यावर उपाय कोळपणी. कोळप्याच्या पासेने वरचा दोन-तीन बोटे थर भुसभुशीत केला म्हणजे भेगांची तोंडे बुजतात व मातीचेच पांघरूण तयार होते. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असे शेतकरी म्हणतो. हा हिशेब शास्त्राच्या कसोटीला लावण्याचे काम सोलापुरात झाले आहे. १९३३ साली येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले आणि ना. वि. कानिटकर व त्यांचे सहकारी यांनी ओल, भेगा, बांध, पेरणीतील अंतर आणि आंतरमशागत यांचे प्रयोग केले. त्याच दशकात मोहोळ येथील केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने ‘एम ३५-१’ हा वाण पुढे आला. त्यानंतर कितीतरी वाण आले. तरी मालदांडीचे नाव अद्याप बाजारातून गेलेले नाही. दाणा टपोरा व मोत्यासारखा, भाकरी गोड, आणि कडबा गुरे आवडीने खातात. यांतील कडब्याचा मुद्दा शहरी वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही. येथील शेतकरी ज्वारी पेरतो ती जितकी माणसासाठी, तितकीच बैलासाठी, आणि पडत्या वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचीच चिंता त्याला अधिक असते.

नोव्हेंबरपासून आकाश निरभ्र होते. ईशान्येकडून, म्हणजे भूखंडाच्या अंतर्भागावरून, येणारी हवा कोरडी असते. ढगांचे आवरण नसल्यामुळे दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते, आणि दिवसाच्या व रात्रीच्या तपमानांत सुमारे पंधरा अंशांचे अंतर पडते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकून गेला की त्याच्या मागोमाग उत्तरेचे वारे पठारापर्यंत उतरतात आणि चार-सहा दिवस कडाका जाणवतो. मग घोंगडीची खोळ डोक्यावरून ओढली जाते, चावडीपुढे शेकोट्या पेटतात, म्हातारी माणसे सूर्य कासराभर वर आल्याखेरीज अंगण सोडीत नाहीत. परंतु याच थंड, स्वच्छ रात्री पिकाच्या उपयोगी पडतात. पहाटे पानापानावर दहिवर पडते. दहिवराने जमिनीला पाणी मिळते असे म्हणता येणार नाही, त्याचे प्रमाण अत्यल्प असते. पण उन्हे वर येईपर्यंत पान ओले व गार राहते आणि तेवढा वेळ ओलीचा खर्च थांबतो.

दहिवराच्या वेळेनुसार शेतातील कामांच्या वेळाही ठरतात, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. करडईची काढणी पहाटे करतात, कारण दहिवराने तिचे काटे नरम पडतात. उन्हात तिला हात लावण्याची सोय नाही. हरभरा उपटण्याची वेळही पहाटेचीच, कारण घाटे सर्दावलेले असले म्हणजे ते फुटून दाणा सांडत नाही. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लांचा जो पाझर असतो, त्यास ‘आंब’ म्हणतात. पहाटे पिकावरून धूत फडके फिरवावयाचे, दहिवरात उतरलेली आंब त्यात टिपावयाची आणि पिळून बाटलीत भरून ठेवावयाची, ही रीत अजून काही घरांतून ठाऊक आहे. पोटदुखीवर व अपचनावर ती देतात. रानात अनवाणी चालणाऱ्याच्या पायांच्या भेगांना हीच आंब झोंबते. औषध आणि उपद्रव एकाच थेंबात असण्याचा हा प्रकार मोठा गमतीचा आहे.

येथे हेही सांगितले पाहिजे की, पावसासाठी वर्षभर आकाशाकडे पाहणारा हा शेतकरी पौषात मात्र ढगांना भितो. डिसेंबर-जानेवारीत आभाळ आले, हवा दमट झाली, तर ज्वारीवर मावा वाढून त्याच्या गोड स्रावाने पाने चिकट होतात. त्याला ‘चिकटा’ म्हणतात. हरभऱ्यावर घाटेअळी पडते, गव्हावर तांबेरा येतो. दाणा भरल्यावर पाऊस आला तर ज्वारी काळी पडते व तिचा भाव जातो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या दीर्घ गारपिटीने उभी रब्बी पिके झोडपली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ओलीवरच्या हिवाळ्यात पाणी वरून येणे हे संकट ठरते. ते खालीच असावे लागते.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला, म्हणजे ज्वारी पोटरीतून बाहेर पडत असते त्या सुमारास, लातूर-धाराशिवकडे आणि सोलापूरच्या पूर्व भागात वेळ अमावास्या साजरी होते. बोलीत तिला ‘येळवस’ म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि त्यांना नैवेद्य दाखवितात. नैवेद्यात बाजरीचे उंडे, अनेक शेंगांची व पालेभाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि मडक्यातील आंबट आंबील हे पदार्थ मुख्य. नंतर पिकातून फिरत आंबील शिंपडतात. शिंपडताना जे शब्द उच्चारतात ते कानडी वळणाचे असून म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्यांचा अर्थ सांगता येत नाही. कर्नाटकात याच दिवसाला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात व ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. तेव्हा ‘येळवस’ हे त्याचेच मराठी रूप असावे आणि ‘वेळ’ हा त्याचा मागाहून लावलेला अर्थ असावा, असे आम्हांस वाटते. या तर्काला प्रदेशाच्या इतिहासाचा आधार आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, शिलालेख आहे आणि मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. आणि त्याच भूमीवर बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी कन्नडमधून वचने रचली. दोन भाषा येथे शेजारी नांदत आल्या आहेत. पिकाशी बोलताना मात्र शेतकरी, नकळत का होईना, जुनी भाषा वापरतो.

येळवशीला जी भज्जी होते, तिचेच दुसरे रूप संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, पाहावयास मिळते. हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याच्या शेंगा, वांगी, गाजर, बोरे, तीळ : त्या आठवड्यात शेतात जे जे तयार आहे ते सर्व भोगीच्या भाजीत पडते आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. थंडीत अंगाला तीळ व बाजरी हितकर, हे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. ते खोटे नाही. पण ही भाजी म्हणजे शेताची यादीही आहे, हे विसरू नये.

याच दिवसांत दाण्यात चीक भरतो आणि हुरडा सुरू होतो. जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्याला ‘आगटी’ म्हणतात. तीत कणसे खुपसून भाजावयाची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करावयाचे. त्यासाठी गूळभेंडीसारखे खास वाण शेताच्या एका कोपऱ्यात लावले जातात. त्यांचा कोवळा दाणा गोड असतो व बोंडातून सहज सुटतो. आज हुरड्याला पर्यटनाचे रूप आले आहे. पूर्वी तो आमंत्रणाचा विषय होता, विक्रीचा नव्हता. वाटसरूला शेतात बोलावून हुरडा देणे हा रिवाज होता, आणि त्यात औदार्याबरोबर थोडा हिशेबही असे : राखणीला बसलेल्या माणसाला तेवढीच सोबत होई.

राखण हा या हिवाळ्यातील सर्वांत मोठा उद्योग होय. दाणा चिकावर आला की भोरड्या येतात. भोरडी, म्हणजेच पळस मैना, ही आपली नव्हे. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मैदानांत मे-जूनमध्ये ती वीण करते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून भारतात येते. गुलाबी अंग, काळे डोके व पंख, आणि हजारोंचा थवा. संध्याकाळी आभाळात तो धुरासारखा वळतो. वीण करते त्या मुलखात ती टोळ व नाकतोडे खाणारी म्हणून शेतकऱ्याची मित्र मानली जाते. आपल्याकडे मात्र तिचे नाव निघताच गोफण उचलली जाते. अर्थात येथेही ती कीटक खातेच, परंतु कणसावर बसलेल्या थव्याकडे पाहणाऱ्याला तिचे ते पुण्य दिसत नाही.

थवे उजाडल्यापासून पहिल्या प्रहरात आणि पुन्हा दिवस कलल्यावर उतरतात. त्यानुसार राखणीच्या दोन पाळ्या पडतात. पिकाच्या मध्यावर चार खांबांचा माळा उभारतात. त्यावरून साऱ्या शेतावर नजर राहते. गोफणीतून सुटलेल्या गुंड्यापेक्षा तिच्या दोरीच्या फटकाऱ्याचा आवाजच पुष्कळदा काम करतो. ही राखण मुख्यतः मुले, म्हातारी माणसे आणि स्त्रिया यांच्याकडे असे. शाळेच्या हजेरीपटावर तिचा परिणाम होत असणार, हे उघड आहे. रात्रीची राखण पुरुषांची. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. राखण एकट्याची होऊ शकत नाही. शिवारात दहा जणांची ज्वारी असेल तर थवा दहा जागी विभागतो. एकट्याचीच असेल तर सारा थवा त्याच्यावरच उतरतो. त्यामुळे एखाद्या गावात ज्वारीचे क्षेत्र थोडे घटले की उरलेल्यांना ती पेरणे परवडेनासे होते आणि मग ती एकाएकी नाहीशी होते. ज्वारीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना भाव, मजुरी व सिंचन यांची चर्चा पुष्कळ होते. पाखरांच्या या गणिताकडे दुर्लक्ष झाले आहे.

भोरडीखेरीज इतर पाहुणेही या मुलखात हिवाळा काढतात. कांड्या करकोचे मध्य आशियातून व मंगोलियाकडून येतात. दिवसा हरभऱ्याच्या व काढणी झालेल्या रानांत चरतात आणि पाणवठ्याच्या उथळ काठाशी रात्र काढतात. पट्टकादंब हा हंस तिबेटच्या पठारावरून व त्याही पलीकडून हिमालय ओलांडून येतो. सोलापूरजवळच्या हिप्परगा (एकरुख) तलावावर आणि उजनीच्या फुगवट्यावर तो दिसतो. माळरानावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत नाकतोडे टिपतात व रात्री गवतातच समूहाने झोपतात. हे सर्व पक्षी ज्या विस्तीर्ण, उघड्या भूमीचा आश्रय करतात, ती भूमी म्हणजे ज्वारी-हरभऱ्याची शेते आणि त्यांच्या मधले गवताचे माळ यांची मिश्र वीण होय. तिचा खरा धनी माळढोक. त्याच्यासाठी नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. अभयारण्याची मूळ हद्द फार मोठी होती व तीत गावेच्या गावे येत असल्यामुळे जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांत नाराजी वाढली आणि पुढे ते क्षेत्र पुष्कळच कमी करण्यात आले. माळढोक पावसाळ्यात माळावर एकच अंडे घालतो आणि एरवी शेतांतून कीटक, दाणे, हरभऱ्याचे घाटे वेचीत हिंडतो. आज तेथे तो अत्यंत दुर्मिळ झाला आहे. काळवीट मात्र टिकून आहे, आणि त्याच्या कळपांनी होणारे नुकसान ही शेतकऱ्याची खरी तक्रार आहे.

लांडग्याची पिले याच दिवसांत, साधारणतः नोव्हेंबर ते जानेवारीत, जन्मतात. या काळात धनगरांचे वाडे रिकाम्या रानांतून हिंडत असतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो, कारण लेंडीखत मिळते. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. रात्री जाळीचे कुंपण, कुत्री आणि शेकोटी. लांडगा एखादे कोकरू नेतो. धनगर त्याला शिव्या देतो व राखण वाढवितो. परंतु लांडग्याचा वंश बुडवावा असे त्यांच्यातील जुनी माणसे सहसा बोलत नाहीत.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. सात उंच नंदीध्वज मानकऱ्यांच्या कमरेशी बांधलेल्या आधारावर तोलून नगरातील अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचे विधी होतात. यात्रेला जोडून गुरांचा बाजार. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती ‘भाकणूक’. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, चारा व इतर वस्तू मांडतात आणि ते कशाला तोंड लावते, कसे वागते, यावरून पुढील वर्षाचे पाऊसपाणी व बाजारभाव वर्तवितात. ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते ते सिद्धरामेश्वर तलाव खोदविणारे सत्पुरुष म्हणून प्रसिद्ध आहेत. सोलापूरच्या मध्यावरील तलाव त्यांच्याच नावाचा. ऐन हिवाळ्यात, पीक उभे असताना, प्रश्न विचारला जातो तो पावसाचा. त्याचे कारण उघड आहे. संक्रांतीपर्यंत जमिनीतील ओलीचा पुष्कळसा भाग खर्च झालेला असतो.

फेब्रुवारीत काढणी. शाळू कापीत नाहीत, तर मुळासकट उपटतात, कारण कडब्याचा बुडखाही वाया घालवावयाचा नसतो. भेगाळलेल्या, टणक जमिनीतून ताट उपटणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. आज त्याला मजूर मिळत नाहीत, हे शाळू सोडण्याचे एक मोठे कारण म्हणून सांगितले जाते. पेंढ्या बांधणे, बुचाडे रचणे, कणसे मोडणे, खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरविणे, वाऱ्यावर उफणणे, ही कामांची सारी परंपरा यंत्राने आता बरीच आटोपली आहे.

धान्य पेवात जाई. कोरड्या, उंच जागी खोदलेल्या विहिरीसारख्या या खड्ड्याला आतून कडब्याचे अस्तर देत व तोंड मातीने लिंपून टाकीत. आतील प्राणवायू संपून कर्बवायू साठत असल्यामुळे कीड जगत नसे आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिके. परंतु त्याच कारणाने पेव उघडताच आत उतरणे प्राणघातक असे. आधी दिवा सोडून पाहात, तो विझला तर थांबत. मंगळवेढ्याची जमीन ज्वारीचे कोठार म्हणून नावाजलेली आहे, आणि तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच मंगळवेढ्यात, बहामनी राजवटीत, दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा घडली असे मानतात. विठ्ठलाने महाराच्या रूपात बादशहाकडे भरणा केला, हा भाग श्रद्धेचा. परंतु धान्य साठविणारे गाव आणि उपाशी मुलूख यांचा संबंध ही कथा ज्या रीतीने सांगते, ती रीत प्रदेशाच्या अनुभवातून आलेली आहे. १८७६ साली सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस हुकला, रब्बीची पेरणी झाली नाही आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. १९७२-७३ मध्येही तेच पाहावे लागले. या दोन्ही वर्षी हिवाळा आला, थंडी पडली, पाखरेही आली असतील. पण जमिनीत ओल नव्हती, म्हणून लोकांच्या लेखी तो हिवाळा नव्हताच.

१९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि या व्यवस्थेला आजवरचा सर्वांत मोठा हादरा बसला. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. पाणी फार ओसरलेल्या वर्षी ते उघडे पडते आणि बघ्यांची गर्दी होते. फुगवट्याच्या दलदलीवर रोहित पक्षी येऊ लागले. कालव्यांतून पाणी सोडल्यावर काठ जसजसे उथळ होतात तसतसे त्यांचे थवे वाढतात. धरणाखालच्या भागात ऊस आला. याचा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुष्काळी म्हणून हिणविल्या गेलेल्या गावांत पक्की घरे, शाळा, दूधसंघ आले ते त्या पाण्यावर. परंतु उसाचा हिवाळा निराळा आहे. त्यात ओल राखावयाची नसून पाणी द्यावयाचे असते, आणि तेही वीज असेल त्या वेळी, पुष्कळदा मध्यरात्री. माळ्याची जागा मोटारीच्या खोपटाने घेतली आहे. पूर्वी या दिवसांत दिवसा पाखरे हाकीत. आता गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या तोडकऱ्यांच्या टोळ्या पहाटेच्या दहिवरात उसाला कोयता लावतात. ते राहतात त्या पाचटाच्या झोपड्यांना ‘कोपी’ म्हणतात. येळवशीची कोप आणि तोडकऱ्याची कोपी हा एकच शब्द आहे.

उघडी भूमी मिटली तशी पाखरे व श्वापदेही बदलली. करकोचा, भोवत्या आणि माळढोक यांना उंच, दाट उसात स्थान नाही. रानडुकराला आहे आणि बिबट्यालाही. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात एका बिबट्याने माणसांचे बळी घेतले आणि अखेर त्यास गोळी घालावी लागली. शाळूच्या माळ्यावर रात्री एकटा निजणाऱ्या मुलाला लांडग्याची हाक ऐकू येई. त्याला जिवाचे असे भय नव्हते.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. तपमानाच्या व पावसाच्या नोंदी वेधशाळेत मिळतील. पण वाफसा कोणत्या तारखेला आला, पहिल्या कोळपणीच्या वेळी भेग किती रुंद होती, दहिवर कोणत्या पहाटे पडले, भोरड्यांचा पहिला थवा व पहिला हुरडा यांत किती दिवसांचे अंतर होते, या नोंदी कोणाच्याही दप्तरी नाहीत. त्या ज्यांच्या डोक्यात आहेत ती माणसे आज सत्तरी ओलांडलेली आहेत. ज्या गावात अद्याप शाळूचे सलग शिवार उरले आहे असे एकेक गाव निवडून सप्टेंबरपासून मार्चपर्यंत एकाच नमुन्यात नोंदवही ठेवावी, आणि शब्द ऐकताच ते ज्या उच्चारात ऐकले त्याच उच्चारात उतरवून घ्यावेत. कामाला आरंभ हत्तीच्या पावसापूर्वी झाला पाहिजे. नंतर आलेल्यास जमिनीत किती ओल गेली होती हे कळत नाही.